वाचकांचे प्रश्न : वळताना चाकातून येणारी घरघर

जुन्या मोटारगाडीतून वळताना येणाऱ्या आवाजांविषयीची पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा बरीच अधिक दिली आहे, कारण त्यात झालेला घोटाळा कमीअधिक प्रमाणात सगळ्यांचाच होतो.

प्रश्न : माझी गाडी तेरा वर्षांची, फ्रंट व्हील ड्राइव्ह प्रकारची लहान हॅचबॅक असून ती १,४०,००० किलोमीटरांहून अधिक चालली आहे. काही महिन्यांपूर्वी पुढच्या बाजूने घासल्यासारखा आवाज सुरू झाला. मोठ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या आसपास गाडी लांबट डाव्या वळणावर गेली की जाते फिरवल्यासारखी घरघर येई आणि वळण संपले की ती कमी होई. गॅरेजमध्ये उजव्या पुढच्या चाकाचे बेअरिंग बदलून दिले. त्यानंतरही आवाज राहिलाच. आता तर गाडी लावताना, अगदी हळू चालवत असतानाही डावीकडे वळले की ‘खस्स-खस्स’ असे ऐकू येते. हलका ब्रेक लावून पाहिला तरी त्यात फरक पडत नाही. गाडी उभी ठेवून नुसते स्टेअरिंग फिरवले तर मात्र काहीच आवाज येत नाही. मेकॅनिक म्हणतो की आता डावे बेअरिंग बदलू आणि त्यानेही भागले नाही तर चाकाला इंजिनाची ताकद पोहोचवणारा ड्राइव्ह शाफ्ट बदलू. एकेक भाग बदलत जाणे मला पटत नाही. काय करावे?

उत्तर : डाव्या बेअरिंगला हात लावण्यापूर्वी थोडे थांबावे. आपण एकाच आवाजाची हकिगत लिहिली आहे असे आपल्याला वाटते. परंतु पत्र दुसऱ्यांदा वाचताना आमच्या लक्षात आले की त्यात आवाज एक नसून दोन आहेत. पहिला जात्यासारखा, सलग, ताशी ६० किलोमीटरला आणि लांबट वळणावर येणारा. दुसरा तुटक, माणसाच्या चालीइतक्या वेगात आणि आखूड वळणावर येणारा. दोन्ही डावीकडे वळतानाच येतात, म्हणून ते एकच वाटले यात नवल नाही. आमच्या मते पहिला आवाज बेअरिंगचाच होता आणि ते बदलल्यावर तो गेला असावा; दुसरा बहुधा त्या दुरुस्तीतच जन्माला आला.

पहिल्या आवाजाबाबत आपल्या मेकॅनिकचा अंदाज चुकला होता असे आम्हाला वाटत नाही. चाकाच्या बेअरिंगमध्ये दोन पोलादी कड्यांच्या मधल्या खोबणीतून गोळ्या धावत असतात. वर्षानुवर्षांच्या भाराने किंवा सील खराब होऊन आत शिरलेल्या पाण्याने त्या खोबणीचा गुळगुळीत पृष्ठभाग बारीक-बारीक टवके उडून खडबडीत होतो आणि मग प्रत्येक गोळी त्या खडबडीवरून जाताना जो थरकाप होतो, त्याचीच घरघर गाडीत ऐकू येते. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजवीकडे कलतो, उजव्या बेअरिंगवरचा दाब वाढतो आणि ते खराब असल्यास अधिक मोठ्याने वाजते. उजवीकडे वळताना तेच बेअरिंग हलके होऊन गप्प बसते. म्हणून डाव्या वळणावर वाढणारी घरघर उजव्या बाजूची धरतात. हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, नेहमीच नाही. दुहेरी रांगेच्या बेअरिंगमध्ये आतली रांग खराब आहे की बाहेरची यावर क्वचित उलटेही घडते. तरीही आपण सांगितलेला वेग, आवाजाचा सलगपणा आणि वळणाबरोबर होणारी चढउतार ही तिन्ही लक्षणे बेअरिंगकडेच बोट दाखवतात.

आता दुसरा आवाज. ज्या बेअरिंगची आतून पुरती वाताहत झाली आहे तेच माणसाच्या चालीच्या वेगात ऐकू येते, आणि एवढे खराब बेअरिंग हाताने चाक हलवले तरी खिळखिळे लागते. त्यामुळे आपण आधी एक साधी मोजणी करावी. आपल्या गाडीसारख्या लहान गाडीच्या टायरचा परीघ साधारण १.८ मीटर असतो. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २.८ मीटर, अर्थात या वेगात चाक दोन सेकंदांत तीन फेरे घेते. मोकळ्या, सपाट जागेत स्टेअरिंग डावीकडे वळवून गाडी याच वेगात गोल फिरवावी, काचा खाली ठेवाव्यात, शेजारी बसलेल्या माणसाने घड्याळ धरावे आणि आपण ‘खस्स’ मोजावेत. दोन सेकंदांत तीन, म्हणजे फेऱ्याला एक असा हिशेब जुळला, तर चाकाबरोबर फिरणारी एखादी वस्तू न फिरणाऱ्या वस्तूला प्रत्येक फेऱ्यात एकदा शिवते आहे हे जवळपास नक्की. बेअरिंग असे मोजूनमापून वाजत नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या टोकाचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळले तरी ताकद पोहोचवणारा सांधा, खराब झाला तर एका फेऱ्यात अनेकदा ‘कट-कट-कट’ असे ऐकू येते, आणि तो आवाज घासण्याचा नसून टिचक्या मारल्यासारखा असतो. आपण लिहिलेला ‘खस्स’ त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून ड्राइव्ह शाफ्ट बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. गाडी उजवीकडे एखाद्या लांब भिंतीला समांतर, हळूहळू चालवली तर भिंतीवरून परतणारा आवाज कानाशी कितीतरी स्पष्ट येतो. ही युक्ती फारशी कोणी वापरत नाही, पण ती फुकटची आणि फार उपयोगी आहे.

आमचा पहिला संशय चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डिस्कमागे असलेल्या पत्र्यावर आहे. त्याला डस्ट शील्ड म्हणतात. गॅरेजमध्ये नुसता ‘डिस्कमागचा पत्रा’ म्हटले तरी समजते. डिस्कवर आतल्या बाजूने चिखल-पाणी उडू नये म्हणून तो बसवलेला असतो आणि त्याच्यात व डिस्कमध्ये अंतर जेमतेम काही मिलिमीटर असते. बेअरिंग बदलताना ब्रेकचे पॅड धरणारा कॅलिपर व डिस्क काढावी लागते, चाक ज्यावर बसते तो हब प्रेसने किंवा पुलर नावाच्या ओढून काढण्याच्या अवजाराने बाहेर काढावा लागतो, आणि हे सगळे त्या पातळ पत्र्याच्या अगदी अंगाला लागून चालते. तेरा वर्षांच्या गाडीत तो पत्रा बहुधा कडेने गंजलेला असतो. हातोडीचा एखादा चुकार घाव किंवा हाताचा रेटा बसला तरी त्याची कड आत वळते. डिस्क अगदी तंतोतंत सपाट फिरत नाही, तिला मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी लचक असते. त्यामुळे वळलेली कड तिच्या जेमतेम जवळ आली, की सलग न घासता प्रत्येक फेऱ्यात एकदाच घासते. वळताना चाकावर आडवा जोर येतो आणि टायर, हब व डिस्क मिळून किंचित कलतात, म्हणून सरळ जाताना गप्प असलेला पत्रा एकाच बाजूच्या वळणावर बोलू लागतो.

हे तपासण्यासाठी कोणताही भाग विकत घ्यावा लागत नाही. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर टेकवावा आणि मगच हात आत घालावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, आणि हे सांगण्याचा आम्हाला कितीही कंटाळा आला तरी आम्ही ते सांगत राहणार. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून उजवे चाक हाताने फिरवावे आणि कान लावावा. येथे एक बाब ध्यानात ठेवावी. हवेत लटकलेल्या चाकावर वळणाचा आडवा जोर नसतो, त्यामुळे ते शांतपणे फिरले म्हणजे निर्दोष ठरले असे नव्हे. चाक फिरत असताना टायरचा खालचा भाग आतल्या बाजूला रेटून पाहावा, मग बाहेर ओढून पाहावा. त्यानंतर चाक काढून बॅटरीच्या उजेडात पत्र्याची कड बघावी. जेथे घासत असेल तेथे गंजाच्या तपकिरी रंगात पैशाएवढा किंवा नखाएवढा चकचकीत पट्टा दिसतो आणि डिस्कच्या आतल्या बाजूला तेवढ्याच उंचीवर बारीक वर्तुळाकार ओरखडा सापडतो. हा पट्टा दिसला की शोध संपला. पत्रा बोटांनी किंवा लांब स्क्रू-ड्रायव्हरने दोन-तीन मिलिमीटर मागे वाकवावा. मात्र टेकू डिस्कच्या घर्षणाच्या भागावर देऊ नये. पत्रा गंजून हातात येण्याइतका कुजला असेल तर तो बदलावा.

पत्र्याला कोठेच खूण नसेल तर त्याच्यात आणि डिस्कमध्ये खडा अडकला आहे का पाहावे. हरभऱ्याएवढा खडा असा काही भयंकर आवाज करतो की चालकाला आता चाकच निखळणार असे वाटते, आणि कित्येकदा थोडे अंतर मागे गेल्यावर तो आपोआप पडूनही जातो.

ब्रेकचे पॅड घासून संपले तरी लोखंडावर लोखंड घासल्याची करकर येते. पण ती ब्रेक लावताच वाढते किंवा बदलते. आपण ब्रेक लावूनही फरक पडत नाही असे लिहिले आहे, आणि आपल्या पत्रातील हे सर्वांत कामाचे वाक्य आहे. तरी चाक काढलेच आहे तर पॅड बघून घ्यावेत. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर पॅड बदलण्याची वेळ आली असे समजावे. केवळ बाहेरचा पॅड बघून समाधान मानू नये. कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या असतील तर आतला पॅड बाहेरच्याच्या कितीतरी आधी संपतो, आणि वरवर पाहणाऱ्याला तो दिसतच नाही.

गाडी स्टँडवरून खाली घेण्याआधी दोन गोष्टी हाताने समजून घ्याव्यात. चाक परत बसवून ते वर-खाली, म्हणजे घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. खट्-खट् लागले तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनच्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट सैल आहे. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर लागले तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगचा चाकाजवळचा सांधा, पाहावा. मग एका हाताने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला हलका स्पर्श करून दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवावे. चांगल्या बेअरिंगचे चाक फिरताना स्प्रिंगला काही जाणवत नाही; खराब बेअरिंग असेल तर कानाला ऐकू न येणारी खरखर बोटांच्या टोकांना लागते, वाळूच्या कागदावरून नख ओढावे तशी. दोन्ही बाजूंना हीच परीक्षा करावी, म्हणजे डाव्या बेअरिंगचा प्रश्नही त्याच बैठकीत सुटेल.

नवे बेअरिंगच खराब बसवले गेले असण्याची शक्यता अगदीच सोडून देता येणार नाही. बेअरिंग घरात दाबून बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर यावा लागतो. तो आतल्या कड्यावर दिला तर सगळा दाब गोळ्यांतून जातो, खोबणीत बारीक खळगे पडतात आणि कोरे बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच गुणगुणू लागते. हबचा मधला मोठा नट टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळला होता का, हेही विचारून घ्यावे. परंतु या दोन्ही चुकांचा आवाज आपल्या पहिल्या आवाजासारखा, म्हणजे वेगाबरोबर वाढणारा सलग आवाज असतो. ताशी ६० किलोमीटरची ती घरघर आता येते का, हे आपण लिहिलेले नाही. ती येत नसेल तर बेअरिंगचे काम ठीक झाले असे समजावे.

येथे स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्याच गाडीची पुढची दोन्ही बेअरिंगे एकामागून एक बदलली आणि घरघर तशीच राहिली. शेवटी सहज म्हणून पुढचे टायर मागे व मागचे पुढे केले, तर आवाजही त्यांच्याबरोबर मागच्या बाकाखाली जाऊन बसला. टायर वरखाली झिजून त्यांच्यावर लाटा उठल्या होत्या. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाबरोबर बदलतो, गुळगुळीत डांबरावर उतरतो आणि खडबडीत रस्त्यावर चढतो. बेअरिंगला रस्ता कसा आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. एवढे मला तेव्हा ठाऊक होते, पण ऐकण्याआधीच मी निदान करून बसलो होतो.

मेकॅनिकला ‘आवाज येतो’ एवढेच न सांगता त्याला शेजारी बसवून तो आवाज काढून दाखवावा. गाडी कोणत्या बाजूला वळताना, किती वेगात, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना की सोडलेला असताना तो येतो, हे त्याला सांगावे. तोपर्यंत गाडी चालवण्यास हरकत नाही. मात्र चाकाचे नट नीट आवळलेले आहेत याची खात्री आजच करावी, कारण नुकतेच काढून बसवलेले चाक सैल राहणे हे अशा आवाजाचे सर्वांत धोकादायक कारण आहे. चाक हाताने हलू लागले, थोड्या अंतरानंतर एकच हब दुसऱ्यापेक्षा खूप तापला किंवा जळका वास आला, तर गाडी आहे तेथेच उभी करावी.

प्रश्न : यू-टर्न घेताना पुढच्या चाकातून ‘कट-कट’ असा आवाज येतो. पाहिले तर ड्राइव्ह शाफ्टवरील रबरी बूट फाटलेला आहे आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले आहे. नुसता बूट बदलून ग्रीस भरले तर चालेल का?

उत्तर : आवाज सुरू होण्यापूर्वी हे केले असते तर चालले असते. बाहेरच्या सीव्ही जॉइंटच्या नेहमीच्या रचनेत सहा गोळ्या एका पिंजऱ्यात बसवलेल्या असतात आणि चाक कितीही वळलेले असले तरी त्या इंजिनाची ताकद एकसारख्या गतीने चाकापर्यंत पोहोचवतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर फेकले जाते, आत धूळ व पाणी शिरते आणि गोळ्यांच्या खोबणी झिजतात. पूर्ण वळलेल्या चाकात गोळ्यांना सर्वांत जास्त सरकावे लागते, म्हणून ती झीज प्रथम यू-टर्नमध्ये ऐकू येते. झिजलेले लोखंड ग्रीसने भरून निघत नाही. ग्रीस भरल्यावर काही दिवस आवाज दबेल, आणि त्यालाच दुरुस्ती समजण्याची चूक अनेकांच्या हातून होते.

खात्री करायची असल्यास मोकळ्या जागेत स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, ॲक्सिलरेटर हलका दाबत गोल फेरी मारावी, मग दुसऱ्या बाजूला आणि नंतर हेच मागे जाताना करावे. ॲक्सिलरेटर दाबताच टिचक्या वाढल्या तर शंका राहत नाही. कोणत्या बाजूचा जॉइंट, हे कानापेक्षा फाटलेला बूट अधिक खात्रीने सांगतो. वळताना आवाज नसून सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल तर दोष बहुधा आतल्या जॉइंटचा असतो.

असा जॉइंट किती दिवस चालेल हे कोणी सांगू शकत नाही. कधी तो महिनोन्‌महिने कुरकुरत राहतो. पण तो तुटला की इंजिन फिरते आणि गाडी जागची हलत नाही. ऑटोमॅटिक गाडी अशा वेळी पार्कमध्ये ठेवूनही उतारावर घरंगळू शकते, कारण पार्कची कळ गिअरबॉक्सला अडवते आणि तुटलेल्या शाफ्टमुळे चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध राहिलेला नसतो. लांबच्या प्रवासाआधी जॉइंट बदलून घ्यावा.

प्रश्न : गाडी उभी असतानाही स्टेअरिंग फिरवले की पुढून ‘कर्र’ आवाज येतो आणि मध्येच ‘टण्ण’ असा धक्का लागतो. एका गॅरेजमध्ये स्टेअरिंग रॅक बदलण्यास सांगितले आहे.

उत्तर : चाक फिरत नसताना येणारा आवाज बेअरिंग, ब्रेक आणि सीव्ही जॉइंट या तिघांनाही एकदम निर्दोष सोडवतो, ही आपल्या बाजूची जमेची गोष्ट आहे. रॅकपर्यंत जाण्याआधी बॉनेट उघडून स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंग ज्याच्याभोवती असते त्या शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाचे, वरचे टोक पाहावे. तेथे एक लहान बेअरिंग असते, ज्यामुळे स्टेअरिंगबरोबर स्ट्रट आणि स्प्रिंग सहज फिरतात. ते गंजून अडकले की स्प्रिंग फिरत नाही, तिला पीळ बसतो आणि पीळ असह्य झाला की ती एकदम उसळी मारून जागेवर येते. आपल्याला ऐकू येणारा ‘टण्ण’ हाच. दुसऱ्या कोणाला तरी सावकाश स्टेअरिंग फिरवायला सांगून आपण स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगावर तळवा टेकवावा. बोटे वेटोळ्यांच्या मध्ये जाऊ देऊ नयेत. उसळी हाताला स्पष्ट लागते. त्याच वेळी स्प्रिंगचे खालचे वेटोळे तुटलेले नाही ना, हेही पाहावे. ते बेअरिंग किंवा स्प्रिंग बदलण्याचे काम घरी करू नये, कारण दाबलेली स्प्रिंग हातातून निसटली तर गंभीर दुखापत करते.

प्रश्न : स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवले की कण्हल्यासारखा आवाज येतो. पॉवर स्टेअरिंग तेलावर चालणारे आहे. धोका आहे का?

उत्तर : स्टेअरिंग शेवटच्या टोकाला अडले की तेलाचा दाब कमाल मर्यादेला पोहोचतो, पंपातील व्हॉल्व्ह उघडून तो सोडतो आणि पंप थोडा कण्हतो. एवढे चालायचेच, फक्त स्टेअरिंग टोकाला दाबून काही सेकंदांपेक्षा अधिक धरू नये. आवाज मधल्या वळणातही येत असेल तर तेलाची पातळी पाहावी. तेल फेसाळले असेल तर कोठून तरी हवा शिरते आहे, आणि पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधावी. नुसते वरून भरत राहू नये. तेल कोणते घालावे हे पुस्तिकेत पाहूनच ठरवावे, कारण काही गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल चालते तर काहींत त्याने सील खराब होतात. कण्हण्याऐवजी कर्कश किंकाळी येत असेल तर बहुधा पंप फिरवणारा पट्टा सैल झाला आहे.

प्रश्न : माझे जुने फोर-व्हील-ड्राइव्ह वाहन कोरड्या डांबरी रस्त्यावर आखूड वळण घेताना अडखळते, खालून करकरते आणि टायर उड्या मारल्यासारखे घासतात. टू-व्हील-ड्राइव्हमध्ये हे होत नाही. डिफरन्शिअल गेले असेल का?

उत्तर : डिफरन्शिअलला दोष देण्याचे कारण दिसत नाही. वळणावर चारही चाके चार वेगवेगळ्या लांबीच्या वाटांनी जातात. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांतला फरक डिफरन्शिअल सांभाळते. पण आपल्या वाहनासारख्या, लिव्हरने फोर-व्हील-ड्राइव्ह लावायच्या जुन्या रचनेत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात व त्यांच्यातील फरक सांभाळणारे मध्ये काहीच नसते. चिखलात किंवा वाळूत एखादे चाक घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबराची पकड इतकी चांगली असते की चाक घसरत नाही, सगळा ताण शाफ्ट आणि गिअरांत साठत जातो आणि टायरने उडी मारली की तेवढ्यापुरता सुटतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर टू-व्हील-ड्राइव्हच ठेवावे. टू-व्हील-ड्राइव्हमध्येही वळताना करकर येऊ लागली, तरच मागच्या डिफरन्शिअलचे तेल काढून त्यात लोखंडाचा चुरा सापडतो का पाहावे. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे आहेत ना, हे तपासावे. परिघात फरक असेल तर सरळ रस्त्यावरही हाच ताण साठतो. ताणामुळे ट्रान्सफर केसचा, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, लिव्हर अडकून बसला असेल तर त्याच्याशी झोंबू नये; वाहन सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावे, म्हणजे तो सैल होऊन सहज सुटतो.